गोल वस्तूचा भाव कसा काढायचा? काठाचा हिशोब वेगळा, आतल्या जागेचा वेगळा



या वेळच्या व्हिडिओत आपण गोल वस्तूंचं गणित घेतलं. फळ्यावर आकडे जरा भराभर झाले, म्हणून तेच इथे सावकाश लिहून देतो. वही-पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. शाळेत गणिताचा कंटाळा होता, असं म्हणणाऱ्यांनी तर नक्की वाचा. इथे मार्क नाहीत, पैसे आहेत.

सुरुवातीला एक प्रश्न. तुम्ही ६ इंचाची हाताने रंगवलेली लाकडी थाळी ३०० रुपयांना विकता. गिऱ्हाईक विचारतं, "ताई, हीच थाळी १२ इंचाची कितीला द्याल?"

बहुतेक जण पटकन म्हणतात, "६००." आकार दुप्पट, म्हणून भाव दुप्पट. ऐकायला अगदी सरळ वाटतं. पण या भावाने थाळी विकली तर प्रत्येक नगामागे खिशातले पैसे जातात. किती जातात ते पुढे मांडून दाखवतो. आणि हे फक्त थाळीपुरतं नाही. घावणे, केक, मासेमारीचा पाग, आंबापोळीच्या ताटल्या, फणसाचा ओंडका, सगळीकडे हीच गोम आहे.

आधी दोन सूत्रं, तीसुद्धा सोपी करून

शाळेत त्रिज्या शिकवतात. धंद्यात त्रिज्या कोण मोजतं? आपण टेप या काठापासून त्या काठापर्यंत धरतो, म्हणजे व्यास मोजतो. म्हणून दोन्ही सूत्रं व्यासातच पाठ करा:

परीघ (काठाची लांबी, घेर) = व्यास × ३.१४

क्षेत्रफळ (आतली जागा) = व्यास × व्यास × ०.७८५

हे ०.७८५ कुठून आलं? ३.१४ भागिले ४. बस्स, एवढंच. त्रिज्या म्हणजे अर्धा व्यास, आणि अर्ध्याचा वर्ग म्हणजे पाव, म्हणून चाराने भागायचं.

आता नीट बघा. परिघाच्या सूत्रात व्यास एकदाच येतो. क्षेत्रफळात दोनदा येतो. आजचा सगळा धडा या 'एकदा' आणि 'दोनदा' मध्ये आहे. व्यास दुप्पट केला तर काठ दुप्पट होतो, पण आतली जागा चौपट होते. व्यास तिप्पट केला तर काठ तिप्पट, जागा नऊपट.

काही जण विचारतात, "सर, ३.१४ घ्यायचं की २२/७?" धंद्याला काहीही चालतं. १२ इंचाच्या थाळीचा घेर ३.१४ ने ३७.६८ इंच येतो, २२/७ ने ३७.७१. फरक इंचाच्या शंभराव्या भागांत, ब्रशचा एक फटकारा त्याहून जाड असतो.

हा व्यवहारी विचार आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. त्यात त्यांनी दोन्ही दिले आहेत: बारीक हिशोबासाठी ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६, आणि रोजच्या व्यवहारासाठी २२/७. त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आपल्याच जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणला आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. म्हणजे व्यवहाराचं गणित नीट शिकवलं जावं म्हणून महाराष्ट्रात आठशे वर्षांपूर्वी दान मिळत होतं!

काठाचा खर्च की आतला खर्च?

कोणतीही गोल वस्तू घ्या आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझा हा खर्च काठाबरोबर वाढतो की आतल्या जागेबरोबर?

काठाबरोबर वाढणारे खर्च: किनारीची नक्षी, लेस, पट्टी, शिवण, जाळ्याची शिशाची वजनं, टाकीभोवतीची लोखंडी जाळी, केकच्या कडेची रिबन.

आतल्या जागेबरोबर वाढणारे खर्च: लाकूड, कापड, रंग, लाख, पीठ, रस, गॅस, मधलं चित्र.

आणि तिसरा प्रकार, जो वाढतच नाही: डबा, लेबल, बिल, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलण्यात गेलेली दहा मिनिटं. थाळी लहान असो की मोठी, हा खर्च जवळपास तेवढाच.

तिन्ही खर्च वेगवेगळे लिहिले की भाव आपोआप सापडतो. एकत्र गोळा केले की अंदाज चुकतो.

सावंतवाडीचं उदाहरण: गंजिफा आणि रंगवलेली थाळी

आपल्या जिल्ह्यात गोल वस्तूंचं सगळ्यात देखणं काम कुठे होतं, तर सावंतवाडीत. गंजिफाची पानं गोल असतात. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. हा खेळ आणि ही चित्रकला मागे पडत चालली होती, तेव्हा राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. आज सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी कामालाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तीच चित्रशैली आता थाळ्या, डबे आणि पाटांवरही येते.

आता धंद्याच्या नजरेने बघू. समजा एका पानाचा व्यास ८ सें.मी. आहे आणि संच किनारीची नक्षी असलेला आहे.

एका पानाचा घेर: ८ × ३.१४ = २५.१२ सें.मी.
१२० पानांचा घेर: ३०१४ सें.मी., म्हणजे ३० मीटर.

तळहातात मावणाऱ्या एका डब्यात तीस मीटर किनार हाताने रंगवलेली आहे! पर्यटक "एवढ्याशा पत्त्यांना एवढे पैसे?" म्हणाला की त्याला हा आकडा सांगा. वाद घालायची गरज नाही. "साहेब, या डब्यात तीस मीटर किनार हाताने काढली आहे," एवढं वाक्य पुरतं. गणित असं विक्रीलाही मदत करतं.

आणि चित्राची जागा? एका पानाची ८ × ८ × ०.७८५ = ५०.२४ चौ. सें.मी. १२० पानांची मिळून साधारण ६०२९ चौ. सें.मी. म्हणजे ०.६ चौरस मीटर. जागा लहान, काठ प्रचंड. म्हणून अशा संचात रंगाचा खर्च कमी आणि हाताचा वेळ जास्त. भाव रंगावर नाही, वेळेवर ठरवायचा.

आता सुरुवातीची थाळी घेऊ. खर्चाचे दर उदाहरणासाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

आतल्या जागेचा खर्च (लाकूड, अस्तर, रंग, लाख, मधल्या चित्राची मजुरी): चौरस इंचाला ५ रुपये.
काठाचा खर्च (किनारीच्या नक्षीची मजुरी): इंचाला ४ रुपये.
न वाढणारा खर्च (डबा, लेबल, बिल): नगाला ५० रुपये.

६ इंच: जागा २८.२६ × ५ = १४१; काठ १८.८४ × ४ = ७५; वर ५०. एकूण २६६ रुपये.

८ इंच: जागा ५०.२४ × ५ = २५१; काठ २५.१२ × ४ = १००; वर ५०. एकूण ४०१ रुपये.

१० इंच: जागा ७८.५ × ५ = ३९३; काठ ३१.४ × ४ = १२६; वर ५०. एकूण ५६९ रुपये.

१२ इंच: जागा ११३.०४ × ५ = ५६५; काठ ३७.६८ × ४ = १५१; वर ५०. एकूण ७६६ रुपये.

बघितलंत? १२ इंचाची थाळी ६०० ला दिली तर प्रत्येक नगामागे १६६ रुपये तोटा. दहा थाळ्यांची ऑर्डर मिळाली म्हणून पेढे वाटले, तर ते पेढेसुद्धा उसने. आणि १० इंचाची थाळीच ६ इंचाच्या दुपटीहून महाग पडते.

पण उलटी चूकही करू नका. "सरांनी चौपट सांगितलं" म्हणून १२०० लावले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. आतली जागा चौपट, काठ दुप्पट, डबा तेवढाच. सगळं मिळून २६६ वरून ७६६, म्हणजे २.८८ पट. खरा भाव दुप्पट आणि चौपट यांच्या मधे कुठेतरी असतो. नेमका कुठे, ते तुमचा कोणता खर्च जास्त आहे त्यावर ठरतं. म्हणूनच तीन रकाने करायला सांगतो.

हा फक्त खर्च आहे हं, नफा त्यावर वेगळा. आणि मोठ्या थाळीला जाड लाकूड लागत असेल तर चौरस इंचाचा दरही वाढवा.

खाण्याचे पदार्थ: घावणे आणि केक

तारकर्ली, देवबाग, मालवणला घरगुती न्याहारी देणाऱ्या खूप जणी हे वाचतात. त्यांच्यासाठी तव्याचं गणित.

समजा तुम्ही ८ इंची घावणे देत होता. नवीन मोठा तवा आणला आणि घावणे १० इंची झाले. "दोनच इंचाचा फरक!" पण ८ इंची घावण्याची जागा ५०.२४ चौ. इंच, १० इंचीची ७८.५. म्हणजे पीठ ५६ टक्के जास्त. प्लेटमध्ये पूर्वीसारखेच तीन घावणे वाढले, तर ते जुन्या मापाचे जवळपास पावणेपाच घावणे झाले. प्लेटचा दर तोच राहिला, तर महिन्याअखेरीला "धंदा तर जोरात आहे, मग पैसे जातात कुठे?" हा प्रश्न पडतो. उत्तर तव्यावर आहे.

दोन उपाय: एक तर दर बदला, नाहीतर मोठे दोनच घावणे द्या. दोन मोठे म्हणजे जुन्या मापाचे तीनहून थोडे जास्तच. गिऱ्हाइकाची फसवणूक नाही, उलट त्याला चांगलं भरलेलं ताट दिसतं.

घरून केक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: ६ इंची टिनमध्ये अर्ध्या किलोचा केक होत असेल, तर तेवढ्याच उंचीचा ८ इंची केक ७५० ग्रॅमचा नसतो, जवळपास ९०० ग्रॅमचा असतो. (५०.२४ भागिले २८.२६ = १.७८, अर्धा किलो × १.७८ = ८९० ग्रॅम.) उंची बदलली तर वजन उंचीबरोबर सरळ बदलतं. वरच्या सपाट भागाचं क्रीम क्षेत्रफळाने मोजा. कडेचं क्रीम म्हणजे परीघ गुणिले उंची. रिबन फक्त परिघाने, वर गाठीपुरते दोन-तीन इंच जास्त.

पाग: काठाला वजन, आत मासळी

खाडीत पाग मारताना तुम्ही बघितलंच असेल. फेकला की जाळं गोल उघडतं, कडेच्या शिशाच्या गोळ्यांनी बुडतं आणि आतली मासळी अडकते. या एका वस्तूत आजचा सगळा धडा आहे. मासळी मिळते आतल्या जागेतून, वजन लागतं काठाला.

पागात मधल्या दोरीपासून काठापर्यंतची लांबी सांगतात, म्हणजे ती त्रिज्या असते. इथे दुप्पट करून व्यास काढायला विसरू नका.

३ मीटरचा पाग: व्यास ६. काठ १८.८४ मीटर, जागा २८.२६ चौ. मीटर.
४ मीटरचा पाग: व्यास ८. काठ २५.१२ मीटर, जागा ५०.२४ चौ. मीटर.

(आकडे ओळखीचे वाटले? थाळीला इंचात हेच आले होते. गणित तेच, एकक बदललं.)

लांबी एकच मीटरने, म्हणजे ३३ टक्क्यांनी वाढली. काठही ३३ टक्क्यांनी वाढला. जागा मात्र ७८ टक्क्यांनी वाढली. काठाला मीटरमागे ३०० ग्रॅम शिसं धरलं तर पहिल्याला ५.६५ किलो, दुसऱ्याला ७.५४ किलो. जाळं विणून विकणाऱ्याने धागा आणि विणकाम जागेवर मोजायचं, शिसं काठावर. "एक मीटर जास्त, म्हणून एवढे रुपये जास्त" असा सरसकट दर लावला तर विणणाऱ्याची मजुरी बुडते.

घेणाऱ्यासाठीही एक गोष्ट: ७८ टक्के जास्त जागा ही पाग पूर्ण उघडला तर. दोन किलो जास्त वजन हाताला पेलत नसेल आणि जाळं अर्धवट उघडत असेल, तर कागदावरचं क्षेत्रफळ खाडीत कामाचं नाही. यंत्र असो, भांडं असो की जाळं, क्षमता तेवढीच धरा जेवढी तुम्ही रोज वापरू शकता.

आंबापोळी: गोल ताटल्या, चौकोनी टेबल

मे महिन्यात खळ्यात आंबापोळीची साटं वाळत घालायची आहेत. टेबल १२० सें.मी. बाय ९० सें.मी., ताटल्या ३० सें.मी. व्यासाच्या. चार आडव्या, तीन उभ्या, १२ ताटल्या बसतात.

एका ताटलीची जागा: ३० × ३० × ०.७८५ = ७०६.५ चौ. सें.मी.
बारा ताटल्यांची: ८४७८ चौ. सें.मी.
टेबलाची: १०,८०० चौ. सें.मी.

म्हणजे टेबलाचा ७८.५ टक्के भाग कामाला आला. बाकीचा २१.५ टक्के भाग ताटल्यांच्या मधल्या फटींमध्ये रिकामाच तापला. हा ७८.५ योगायोग नाही. तो सूत्रातला ०.७८५च आहे! चौकोनात बरोब्बर बसणारं वर्तुळ चौकोनाची ७८.५ टक्केच जागा व्यापतं. ३० सें.मी. असो की ३० फूट.

म्हणून चौकोनी कागदातून गोल पान कापा, प्लायमधून गोल पाट कापा, कापडातून गोल टेबलक्लॉथ कापा. सरळ रांगेत कापलं तर २१.५ टक्के माल कचऱ्यात जातो. गंजिफाच्या ८ सें.मी. च्या १२० पानांना ७६८० चौ. सें.मी. कागद लागतो आणि १६५१ चौ. सें.मी. कापून जातो, तोही प्रत्येक थरामागे. हा माल तुम्ही विकत घेतलेला आहे. तो भावात धरलाच पाहिजे. मालाचा खर्च काढताना गोलाचं नाही, ज्या चौकोनातून तो कापला त्याचं क्षेत्रफळ घ्या.

कचरा कमी करायचा असेल तर दुसरी रांग अर्ध्या नगाने सरकवून पहिल्या रांगेच्या खाचेत बसवा, मधमाशीच्या पोळ्यासारखी. मोठ्या कापडावर किंवा कागदावर अशा मांडणीत ९० टक्क्यांपर्यंत जागा वापरता येते. लहान टेबलावर मात्र कडेला अर्ध्या ताटलीची जागा वाया जाते, तेव्हा आधी मांडून बघा.

आता रसाचा हिशोब. एका थराला अर्धा सें.मी. रस ओतलात तर ७०६.५ × ०.५ = ३५३ मि.ली. बारा ताटल्यांना साधारण सव्वाचार लिटर. आणि ताटली २५ सें.मी. ची असेल तर? २५ × २५ × ०.७८५ = ४९०.६ चौ. सें.मी., रस २४५ मि.ली. नुसत्या डोळ्यांना दोन्ही ताटल्या सारख्याच वाटतात, पण रसात ३० टक्क्यांचा फरक आहे. घरातल्या वेगवेगळ्या ताटल्या एकत्र वापरल्या तर पोळी कुठे जाड, कुठे पातळ होणार, आणि वाळायला वेगवेगळा वेळ लागणार. ताटल्यांना मागे ऑइलपेंटने माप लिहून ठेवा. आणि व्यास आतून मोजा, कडेची पट्टी धरून नाही.

मधून टेप जात नाही तेव्हा: रास आणि ओंडका

काही वस्तूंच्या मधून टेप जातच नाही. तिथे दोरी काठाभोवती गुंडाळा, दोरी मोजा, ३.१४ ने भागा. व्यास मिळाला.

'लीलावती'त धान्याच्या राशीचा हिशोब असाच घेरावरून केलेला आहे. घेराचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा, राशीचं घनफळ मिळालं. उंचीसुद्धा घेरावरून: जाड दाण्याच्या राशीची उंची घेराच्या दहाव्या भागाएवढी, बारीक दाण्याची अकराव्या, आणि कुसळ असलेल्या धान्याची नवव्या. म्हणजे भाताच्या राशीचा घेर ९ मीटर असेल तर उंची साधारण १ मीटर, आणि घनफळ १.५ × १.५ × १ = २.२५ घनमीटर. आजच्या शंकूच्या सूत्राने २.१५ येतं. एक दोरी घेऊन खळ्यात उभ्या उभ्या केलेल्या हिशोबात पाच टक्क्यांच्या आतला फरक! अंदाज करायचाच असेल तर असा करावा.

आता पैशांचा विषय: ओंडका. परसातला फणस परवानगी घेऊन तोडला आणि लाकूड विकायचं आहे. ओंडक्याचा घेर ४ फूट, लांबी १० फूट. लाकडाच्या व्यवहारात घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करायची जुनी पद्धत आहे. इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉपस याने १७३६ मध्ये तिची कोष्टकं छापली, आणि इंग्रजांबरोबर ती आपल्याकडेही रुजली.

त्या पद्धतीने: १ × १ × १० = १० घनफूट.
खरं घनफळ: घेर × घेर भागिले १२.५६, गुणिले लांबी. १६ भागिले १२.५६ = १.२७४. गुणिले १० = १२.७४ घनफूट.

१० भागिले १२.७४ किती? पुन्हा ०.७८५! म्हणजे या पद्धतीत लाकूड २१.५ टक्के कमी मोजलं जातं. यात कुणी लबाडी करतंय असं लगेच समजू नका. ओंडका चिरताना बाजूच्या फळकुटांत आणि भुशात लाकूड जातंच, ते धरून ही पद्धत चालते. पण विकणाऱ्याने दोन गोष्टी कराव्यात. एक, भाव विचारताना कोणत्या मापाने घनफूट मोजणार ते आधी विचारायचं. दोन, दोन व्यापाऱ्यांचे दर तुलना करताना माप एकच आहे ना, हे बघायचं. एकाचा घनफुटाचा दर जास्त दिसेल आणि हातात पैसे कमी येतील.

काठ वाचवायचा असेल तर गोल

अजून एक गुण. दिलेल्या जागेला सगळ्यात कमी काठ वर्तुळाला लागतो. म्हणून टाक्या गोल असतात, विहिरी गोल असतात.

समोर सिंधुदुर्ग किल्ला आहेच, त्याच्यावरूनच बघा. कुरटे बेटावर १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याचं क्षेत्र साधारण ४८ एकर, म्हणजे सुमारे १,९४,००० चौ. मीटर. एवढीच जागा पूर्ण गोल असती तर व्यास साधारण ४९७ मीटर आणि काठ साधारण १५६० मीटर आला असता. प्रत्यक्षात तट साधारण ३ किलोमीटर आहे, जवळपास दुप्पट. मग महाराजांनी चुना-दगड वाया घालवला का? अजिबात नाही. तट खडकाच्या कडेने आणि नागमोडी आहे, त्यामुळे भिंतीलगत आलेल्या शत्रूवर बाजूनेही मारा करता येतो. तिथे काठालाच काम होतं, म्हणून काठावर खर्च केला.

आपण मत्स्यपालनाची ताडपत्रीची टाकी करतो तेव्हा काठाला असं काम नसतं, नुसता खर्च असतो. तिथे गोलच बरी. ४ मीटर व्यासाच्या टाकीचा काठ १२.५६ मीटर आणि जागा १२.५६ चौ. मीटर. आकडा एकच आला म्हणून गोंधळू नका: पहिल्याने बाहेरची लोखंडी जाळी घ्यायची (जोडावर चढवायला थोडी जास्त), दुसऱ्याने पाणी मोजायचं. १ मीटर पाणी भरलं तर १२.५६ घनमीटर, म्हणजे १२,५६० लिटर.

हमखास होणाऱ्या चार चुका

१. त्रिज्येला व्यास समजणं. क्षेत्रफळ थेट चौपट चुकतं.

२. इंच आणि सें.मी. मिसळणं. १ इंच म्हणजे २.५४ सें.मी., पण १ चौरस इंच म्हणजे ६.४५ चौ. सें.मी. एक चौरस फूट म्हणजे १४४ चौ. इंच, १२ नाही.

३. बाहेरून मोजणं आणि आत ओतणं. भांड्याचा व्यास आतून घ्या.

४. "दोनच इंचाचा तर फरक" म्हणणं. आधी दोन्ही व्यासांचे वर्ग करा, मग बोला.

आता तुमची पाळी

आज रात्री दुकान आवरल्यावर, नाहीतर चुलीवरचं उरकल्यावर, तुमच्या मालातली एक गोल वस्तू घ्या, जी दोन मापांत विकता. दोन्हींचा व्यास मोजा. वहीत तीन रकाने करा: जागा, काठ, न वाढणारा खर्च. लहान मापाच्या खर्चावरून चौरस इंचाचा आणि इंचाचा दर काढा, मग तेच दर मोठ्या मापाला लावा. शेजारी तुमचा आजचा विक्रीचा भाव लिहा.

भाव खर्चापेक्षा कमी निघाला तर घाबरू नका आणि रातोरात बोर्डही बदलू नका. पुढच्या ऑर्डरपासून मोठ्या मापाचा भाव सुधारा, आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर हिशोब समजावून सांगा. मोठी थाळी बघून "दोन लहान थाळ्या घेतल्या तर स्वस्त पडतील ना?" असं कुणी म्हणालं, तर सांगा: दोन ६ इंची थाळ्यांची जागा मिळून ५६ चौ. इंच, एका १२ इंचीची ११३. बोलणं तिथेच मिटतं.

तुमचे आकडे व्हिडिओखाली लिहा. वस्तू, दोन व्यास आणि तीन रकाने, एवढं पुरे. पुढच्या भागात त्यातलीच काही उदाहरणं घेऊन नफा किती टक्के धरायचा ते बघू. तोपर्यंत टेप खिशात असू द्या!